मालक पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नला

वडोदऱ्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या भरूच भागात कितीतरी गावांना ब्लॅकबर्न हे नाव परके वाटत नाही. इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर परगण्यातले हे गिरणगाव. १९६० च्या दशकात आणि त्यानंतर भरूच-सुरतकडची अनेक मुस्लिम कुटुंबे तिथल्या कापडगिरण्यांत पाळ्या करायला गेली आणि तिथलीच झाली. त्याआधीचे नाते उलट्या दिशेने होते. ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी ढिगाने धोतरे विणली जात. इथे विलायती कापडावर बहिष्कार पडला की तिथे माग बंद पडत. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम वाट वाकडी करून ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला गेले, ते याच गिरणी कामगारांना भेटायला. आणि १९ नोव्हेंबर २०१० रोजी या गावाचा सर्वांत जिव्हाळ्याचा ऐवज, म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब, पुण्याच्या एका कुटुंबाने विकत घेतला. कुक्कुटपालनाच्या धंद्यातला वेंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योगसमूह, अर्थात आपल्या रोजच्या बोलण्यातले ‘वेंकीज’. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीयांच्या मालकीचा होण्याची ती पहिलीच वेळ होती. महिनाही पुरता लोटला नाही तोच मॅनेजरला नारळ मिळाला. दीड वर्षात क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला. चाहत्यांचा राग मात्र त्यानंतरही टिकला.

हा राग कशाबद्दल आहे? आपल्याकडे याची दोन उत्तरे तयार असतात. एक, हरले म्हणून चिडले. दुसरे, मालक भारतीय आहेत हे गोऱ्यांना रुचले नाही. दोन्हींत थोडे तथ्य असेलही, पण गेल्या पंधरा वर्षांतल्या घटना ओळीने मांडल्या की वेगळेच चित्र दिसते. ब्लॅकबर्नच्या लोकांची तक्रार पराभवापेक्षा जुनी आणि खोल आहे. आपल्या क्लबमध्ये निर्णय कोण घेते, कोणाच्या सल्ल्याने घेते आणि तो फसला तर विचारायचे कोणाला, हे त्यांना कळेनासे झाले. मॅनेजरची हकालपट्टी हा त्या तक्रारीचा पहिला पुरावा होता, म्हणून ती इतकी जिव्हारी लागली.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे नुसता प्रशिक्षक नव्हे. संघ निवडणे, डावपेच आखणे, कोणता खेळाडू विकत घ्यावा नि कोणता विकावा यात शब्द टाकणे, दर आठवड्याला पत्रकारांपुढे बसून जाब देणे, ही सगळी कामे त्याची. क्लबचा चेहरा तोच. त्यामुळे मॅनेजर बदलणे हा मालकाचा सर्वांत उघड निर्णय असतो. हिशेबाच्या वह्या कोणी पाहत नाही, पण डगआउटमध्ये कोण उभा आहे ते सगळे पाहतात. आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स हा काही ऐरागैरा क्लब नव्हता. १८७५ चा जन्म. १८८८ मध्ये इंग्लंडात जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तिच्या बारा संस्थापक संघांपैकी एक, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिच्याही संस्थापकांत. दोन्ही मान मिळालेले क्लब फक्त तीन: अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि इवूड पार्क या मैदानात बसायला जागा एकतीस हजार. म्हणजे चौथाई गाव एका वेळी मैदानात मावते.

या क्लबलाही एकदा धनवान मालक लाभला होता, आणि तो प्रसंग समजून घेतल्याशिवाय पुढचा राग समजत नाही. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस. पोलादाच्या धंद्यात त्याने अमाप पैसा कमावला, धंदा सरकारी वारसा असलेल्या ब्रिटिश स्टील कंपनीला विकला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पैसा लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता त्यात ओतला. केनी डॅल्ग्लिशसारखा नामांकित मॅनेजर आणला, अ‍ॅलन शिअररसारखा खराखुरा गोल करणारा आघाडीवीर आणला, आणि मे १९९५ मध्ये रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. शेवटच्या दिवशी ते लिव्हरपूलकडून हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडलाही वेस्ट हॅमने बरोबरीत रोखले आणि करंडक ब्लॅकबर्नला आला. तेव्हा ‘पैशाने विकत घेतलेले विजेतेपद’ अशी टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण गावाला त्याचे काही वाटले नाही. वॉकर २००० मध्ये गेला. त्यानंतर दहा वर्षे क्लब त्याच्या विश्वस्त निधीच्या ताब्यात होता. विश्वस्तांना तो विकायचाच होता, गिऱ्हाईक मिळत नव्हते. म्हणजे वेंकीजने कोणाच्या घशातून क्लब हिसकावून घेतला असे नाही. सुमारे २ कोटी ३० लाख पौंड मोजले, वर जवळपास तितकेच कर्ज अंगावर घेतले. नवा मालक आला म्हणून इवूड पार्कवर त्या दिवशी आनंदच होता.

वडोदऱ्यातल्या वाचकाला वॉकरची गोष्ट ओळखीची वाटेल. गायकवाडांच्या आश्रयावर वाढलेले बडोद्याचे क्रिकेट याच जातीचे. सांगलीचे विजय हजारे बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. मार्च १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात इथेच, होळकर संघाविरुद्ध, त्यांनी २८८ आणि गुल महंमदने ३१९ धावा करत चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली, जी पुढे जवळजवळ साठ वर्षे जागतिक विक्रम म्हणून उभी राहिली. पैसा राजाचा होता, पण राजा गावातच राहत होता आणि घराण्यातले फत्तेसिंहराव स्वतः बडोद्याकडून खेळलेही. मात्र राजाश्रयाच्या आठवणीने फार हळवे होण्याचे कारण नाही. याच काळात विजयनगरमच्या महाराजकुमारांनी, म्हणजे ‘विझी’ यांनी, वजन वापरून १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद मिळवले आणि त्याच दौऱ्यातून लाला अमरनाथना घरी परत पाठवले गेले. मालक जवळचा असला म्हणजे शहाणा असतोच असे नाही. बडोद्याचे क्रिकेट १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावरही टिकले आणि १९५७-५८ मध्ये पुन्हा रणजी जिंकले, कारण तोवर राजा आणि संघ यांच्यामध्ये एक संघटना उभी राहिली होती: निवड समिती, क्लब, कामाची माहिती असलेली माणसे. आश्रयदाता बाजूला झाला तरी ही मधली फळी जागेवर राहिली.

ब्लॅकबर्नमध्ये नेमकी हीच फळी कोसळली, आणि ती किती झपाट्याने कोसळली ते पाहण्यासारखे आहे. १३ डिसेंबर २०१० रोजी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढले. संघ तेव्हा वीस संघांत तेराव्या क्रमांकावर होता. आधीच्या हंगामात दहावा आला होता. त्यांच्या जागी कायमस्वरूपी नेमणूक झाली ती त्यांच्याच हाताखालच्या प्रशिक्षकाची, स्टीव्ह कीन यांची. कीन यांनी तोवर एकाही संघाचे मॅनेजरपद सांभाळलेले नव्हते. शिवाय क्लबच्या खरेदीत मालकांना सल्ला देणाऱ्यांत जेरोम अँडरसन हे एजंट होते आणि कीन हे त्यांच्याच अशिलांपैकी एक. हे बेकायदा नव्हते, पण लोकांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. फेब्रुवारी २०११ मध्ये अनेक वर्षे क्लबचा गाडा हाकणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स पायउतार झाले. व्यवस्थापकीय संचालक टॉम फिन हेही गेले. म्हणजे खरेदीनंतर काही महिन्यांतच, पुण्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेला हा क्लब ज्यांना आतून-बाहेरून ठाऊक होता अशी वरची तिन्ही माणसे नाहीशी झाली होती. मालक दूर असेल तर त्याला जाणकार मध्यस्थ जास्त लागतात, कमी नाही. इथे उलटेच घडले.

अ‍ॅलरडाइस काही लाडके नव्हते, हे कबूल केले पाहिजे. त्यांचा खेळ म्हणजे चेंडू उंच उडवायचा, धडका द्यायच्या आणि कसेबसे गुण घरी आणायचे, पाहायला कंटाळवाणा. हकालपट्टीच्या दोनच आठवडे आधी मँचेस्टर युनायटेडने ७-१ असा धुव्वा उडवला होता. इवूड पार्कवर त्यांच्या नावाने कुरकुर करणारे पुष्कळ होते. मग त्याच लोकांनी त्यांच्या जाण्यावर इतका गहजब का करावा? आक्षेप रास्त आहे, पण त्यात एक गफलत आहे. कंटाळवाणा मॅनेजर काढा असे म्हणणाऱ्याला त्याहून बरा मॅनेजर हवा असतो. नव्या मालकांनी मात्र बोलताना चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे स्वप्न मांडले, ब्राझीलच्या रोनाल्डिन्योला आणण्याच्या वाटाघाटी केल्या, आणि प्रत्यक्षात अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती संघ दिला. मँचेस्टर युनायटेडचे सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन सहसा दुसऱ्यांच्या घरात डोकावत नसत, त्यांनीही या निर्णयाला जाहीरपणे मूर्खपणा ठरवले. स्वप्न मोठे आणि साधने तोकडी, यातली विसंगती कळायला फुटबॉलचा पंडित असण्याची गरज नव्हती.

२०१०-११ चा हंगाम शेवटच्या दिवशी वुल्व्हरहॅम्प्टनला हरवून कसाबसा निभावला. त्या उन्हाळ्यात तरुण बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. पुढच्या हंगामात संघ गाळात रुतत असताना दोन गोष्टी घडल्या, ज्यांनी राग आणि थट्टा यांची सांगड घातली. ऑक्टोबरमध्ये, ऐन हंगामात, संघ पुण्याला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. आणि मालकांच्या कंपनीची एक जाहिरात झळकली: सामन्याला उतरण्याआधी ड्रेसिंग रूममध्ये बाकांवर ओळीने बसलेले रोव्हर्सचे खेळाडू, अंगात निळी-पांढरी जर्सी, आणि हातात कोंबडीच्या तंगड्या. जाहिरात गमतीची म्हणून केली असेल. पण दर शनिवारी खिशातले पैसे मोजून हरणारा संघ पाहणाऱ्याला ती गंमत वाटली नाही. ७ मे २०१२ च्या संध्याकाळी, धो धो पावसात, विगनविरुद्धच्या घरच्या सामन्यात कोणीतरी रोव्हर्सचा झेंडा अंगावर बांधलेली एक कोंबडी मैदानात सोडली. बिचारी चिंब भिजून गोलच्या जवळपास भटकत राहिली. संघ ०-१ असा हरला आणि अकरा वर्षांनी प्रीमियर लीगबाहेर गेला. तो तिथे अजून परतलेला नाही. त्यानंतर कीन विमानाने भारतात येऊन मालकांना भेटले आणि त्यांचे पद शाबूत राहिले. सप्टेंबरअखेर त्यांनी स्वतःच राजीनामा दिला.

यानंतरचे एक प्रकरण मला सगळ्यांत बोलके वाटते, कारण ते मैदानावर नव्हे तर न्यायालयात घडले आणि त्यामुळे त्यात चाहत्यांच्या भावनेचा भाग नाही. ऑक्टोबर २०१२ च्या शेवटी हेनिंग बर्ग यांना मॅनेजर नेमले. वॉकरच्या काळातल्या विजेत्या संघातले ते खेळाडू. सत्तावन्न दिवसांत, दहा सामन्यांनंतर, त्यांनाही काढले. करारात ठरलेली भरपाई २२ लाख ५० हजार पौंडांची होती. ती देणे लागतो हे क्लबने आधी मान्य केले आणि मग घूमजाव केले: ज्या व्यवस्थापकीय संचालकाने हा करार केला त्याला अशा अटी मान्य करण्याचा मालकांनी अधिकारच दिला नव्हता, असा युक्तिवाद केला. उच्च न्यायालयाने तो मानला नाही आणि पैसे द्यायला लावले. निकाल बर्ग यांच्या बाजूने लागला, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट क्लबने आपल्याच तोंडाने सांगून टाकली होती. आमच्याकडे मॅनेजरचा करार करण्याचा अधिकार कोणाला आहे हे आम्हालाच नक्की ठाऊक नव्हते! रस्त्यावर फलक घेऊन उभे असलेले लोक दोन वर्षे दुसरे काय म्हणत होते? बर्ग यांच्यानंतर आलेले मायकल अ‍ॅपल्टन सदुसष्ट दिवस टिकले.

हे सगळे सुरुवातीच्या गोंधळातले, नंतर शिकले असतील, असे म्हणता आले असते. काही प्रमाणात शिकलेही. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेले टोनी मोब्रे पाच वर्षे राहिले. ते आले तेव्हा संघ आधीच बुडत होता आणि मे महिन्यात गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर अशी वेळ येण्याचा तो पहिला प्रसंग. पण मोब्रे यांना हटवले गेले नाही, एका वर्षात त्यांनी संघ वर आणला, आणि त्या पाच वर्षांत निदर्शने जवळपास थांबली. यात एक पुरावा दडलेला आहे. मालक तेच होते, पुणे तिथेच होते, संघ दुसऱ्या श्रेणीत मध्येच कुठेतरी अडकलेला होता, म्हणजे मोठे यशही नव्हते. तरी लोक शांत होते, कारण समोर एक जाणता माणूस होता, जो दर आठवड्याला काय चालले आहे ते सांगत होता. हरले की चिडतात एवढाच या रागाचा अर्थ असता, तर मोब्रे यांच्या कारकिर्दीतही फलक निघायला हवे होते.

मोब्रे गेल्यावर मधल्या फळीची पोकळी पुन्हा उघडी पडली. जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुइस ओब्रायन उसना घ्यायचे ठरले. कागदपत्रे वेळेत न पोचल्याने लीगने नोंदणी नाकारली. त्या हंगामात ब्लॅकबर्न सातवे आले. सहाव्या क्रमांकाच्या संडरलंडइतकेच ६९ गुण होते, पण गोलफरकाने प्रीमियर लीगच्या पात्रता फेरीची संधी हुकली. बरोबर एका वर्षाने अमेरिकेतून डंकन मॅग्वायर या आघाडीवीराला आणताना पुन्हा कागदांतच घोळ झाला आणि व्यवहार मोडला. दोन वर्षे लागोपाठ! ओब्रायन असता तर तो एक गुण मिळालाच असता असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण अर्ज मुदतीत भरणे हे काम लक्षाधीश खेळाडूचे नसते, कचेरीचे असते, आणि कचेरी नीट चालवणे हे मालकाचे काम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅनेजर यॉन डाल टोमासन गेले. त्यांच्या जागी आलेले जॉन यूस्टेस वर्षभराने, संघ वरच्या सहांत असताना, त्याच श्रेणीत तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीकडे निघून गेले. वर चढणारी शिडी सोडून माणूस खाली उतरतो तेव्हा शिडीविषयी शंका येतेच. अ‍ॅलरडाइसनंतर २०२५ पर्यंत दहा कायम मॅनेजर झाले.

आता मालकांची बाजू. ती हलकी नाही. गेल्या पंधरा वर्षांत वेंकीजने या क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली आहे आणि त्यातून त्यांना नफा म्हणून दमडी मिळालेली नाही. कोविडच्या काळात मैदाने रिकामी असतानाही पगार थकले नाहीत. क्लबची युवा अकादमी पहिल्या दर्जाची राखली गेली. तिथूनच पुढे आलेला अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला आणि काही महिन्यांत इंग्लंडकडून खेळला. याउलट ब्लॅकबर्नपासून फार लांब नसलेल्या बरी या गावाचा क्लब पाहा. १८८५ चा तो क्लब एका इंग्रज गृहस्थाने अवघ्या एका पौंडाला घेतला आणि वर्षाच्या आत, ऑगस्ट २०१९ मध्ये, लीगने तो काढून टाकला. बरीच्या चाहत्यांना पुण्याचे मालक चालले असते. तेव्हा इतका पैसा ओतणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार तिकीट काढून येणाऱ्याला कोणी दिला, हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही.

उत्तर असे की पैसा ज्या गोष्टीत घातला ती गोष्ट पैशाने तयार झालेली नव्हती. वेंकीजने २०१० मध्ये विकत घेतले ते काय? मैदान, काही खेळाडूंचे करार आणि कर्ज. यांची किंमत लावता येते. पण हा व्यवहार जगाच्या बातम्यांत आला तो १३५ वर्षे त्याच बाकांवर बसणाऱ्या, आजोबांनी नातवाला हात धरून आणलेल्या लोकांमुळे. ते आले नाहीत तर एकतीस हजार खुर्च्यांचे मोल भंगाराइतके. आणि ते यायचे थांबलेही: खरेदीच्या हंगामात सरासरी प्रेक्षकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती, २०१६-१७ मध्ये ती निम्म्यावर आली. त्या हंगामात चाहत्यांनी अठराव्या मिनिटाला आत यायचे आणि पंच्याहत्तराव्या मिनिटाला उठून जायचे असा निषेध ठरवला. क्लबचे जन्मवर्ष १८७५, ते घड्याळावर मांडले. साबण आवडला नाही तर गिऱ्हाईक दुसरा घेते. ब्लॅकबर्नचा माणूस शेजारच्या बर्नलीचा चाहता होत नाही, मेला तरी होणार नाही. गिऱ्हाइकाला जाण्याची सोय असते, चाहत्याला ती नसते. म्हणून त्याला बोलण्याची सोय असावी लागते. शिवाय पैशाचा ओघही मालकाच्या एकट्याच्या इच्छेवर राहिलेला नाही. अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे २०२३ पासून क्लबला निधी पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. लँकेशायरमधला बचावपटू विकत घ्यावा की नाही हे दिल्लीतल्या तारखेवर ठरणार असेल, तर तिथल्या लोकांना निदान कोणीतरी समोर येऊन ते समजावून सांगायला हवे. २०२५ च्या मेमध्ये क्लबने महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून स्वतःहून खाली घेतला, कारण त्या श्रेणीच्या परवान्याच्या अटींवर खर्च करायचा नव्हता. जॉर्जिया स्टॅनवे, किरा वॉल्श, एला टून या युरोपविजेत्या इंग्रज खेळाडू ज्या क्लबमधून घडल्या त्या क्लबची ही गोष्ट. २० कोटी पौंडांचा आकडा ऐकल्यावर हा निर्णय अधिकच अनाकलनीय वाटतो.

वंशद्वेषाचा मुद्दाही टाळू नये. ‘कोंबडीवाले’ म्हणून जी हेटाळणी झाली तिच्यात काही आवाज नुसते फुटबॉलचे नव्हते, असे मानायला जागा आहे. पण सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या त्या कीन यांनी, आणि ते स्कॉटलंडचे. मँचेस्टर युनायटेडवर २००५ मध्ये ताबा मिळवणाऱ्या अमेरिकन ग्लेझर कुटुंबाविरुद्ध वीस वर्षे निदर्शने चालली आहेत. त्यातल्या काही चाहत्यांनी तर त्याच वर्षी वेगळा क्लबच काढला. कार्डिफच्या मलेशियन मालकाने २०१२ मध्ये निळा संघ लाल करून टाकला आणि लोकांच्या रेट्यापुढे २०१५ मध्ये त्याला निळा परत आणावा लागला. ब्लॅकबर्नमध्ये तर आज एक तृतीयांशापेक्षा जास्त लोक आशियाई वंशाचे आहेत. रंगाचा चष्मा लावून पाहिले तर या सगळ्या घटना वेगवेगळ्या वाटतात. उत्तरदायित्व या अंगाने पाहिले तर एकाच कुळातल्या दिसतात.

मला सर्वांत खटकते ती गोष्ट घरची आहे. वेंकटेश्वरा हॅचरीज १९७१ मध्ये उभी करणारे डॉ. बी. व्ही. राव हे भारतीय कुक्कुटपालनाचे जनक मानले जातात. अंड्याचा भाव शेतकऱ्याला न विचारता दूरच्या शहरातला व्यापारी ठरवतो, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी गावोगावच्या कोंबडीपालकांना एकत्र केले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, जिच्यामार्फत भाव जाहीर करणे उत्पादकांच्या हाती आले. अंडी खाण्याचा जो प्रचार आपण सगळे दूरदर्शनवर पाहत मोठे झालो तो याच समितीचा. म्हणजे या घराण्याची पुण्याई ज्या विचारावर उभी आहे तो असा: ज्याचे पोट एखाद्या गोष्टीवर आहे त्याला तिच्या निर्णयात आवाज हवा, आणि लांब बसून ठरवणाऱ्याने त्याला गृहीत धरू नये. राव यांची कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी यांना हा विचार शिकवायला ब्लॅकबर्नच्या कोणाची गरज नव्हती. तो त्यांच्या घरातच होता.

मालक ऐकू शकतो, पण त्याला ऐकवणारी वाट बांधलेली असावी लागते. कोलकात्याचे उदाहरण घ्या. २०२० मध्ये मोहन बागान या १८८९ च्या क्लबचा फुटबॉल विभाग गोएंका समूहाच्या एटीके संघात मिसळला आणि नाव झाले ‘एटीके मोहन बागान’. मरिनर्स म्हणवणाऱ्या चाहत्यांना ते पुढे जोडलेले तीन अक्षरी नाव सहन होईना. तीन वर्षे त्यांनी ते काढा म्हणून धोशा लावला. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्डा मैदानावर संघाने इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली आणि त्याच रात्री संजीव गोएंका यांनी एटीके हे नाव जात असल्याची घोषणा केली. बंगाली माणूस जास्त आरडाओरडा करतो म्हणून हे घडले असे कोणी म्हणेल. त्यापेक्षा साधे कारण आहे. मूळ क्लबकडे नव्या कंपनीतला २० टक्के वाटा आणि संचालक मंडळात जागा होत्या, आणि मालक त्याच शहरात राहत होते. तक्रार पोचायला दार होते. जर्मनीत तर बहुतेक क्लबांमध्ये मताधिकाराचे बहुमत सदस्यांकडेच ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे बाहेरचा गुंतवणूकदार आला तरी त्याला सभेत उभे राहावे लागते.

इंग्लंडला हे उमगायला वेळ लागला. बरीचे बुडणे, २०२१ मधला युरोपियन सुपर लीगचा फसलेला बेत, त्यानंतरचा अहवाल, आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा मंजूर झाला. आता तिथे स्वतंत्र नियामक आहे. क्लबला परवाना लागेल, मालकाची पात्रता तपासली जाईल, मैदान विकणे किंवा घरचे रंग आणि बोधचिन्ह बदलणे मालकाच्या मनावर राहणार नाही, चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागेल. मॅनेजर कोणाला नेमावे हे कायदा सांगत नाही, सांगूही नये. तो मालकाचा अधिकार आहे आणि चुकण्याचा अधिकारही त्यातच आला. पण गोऱ्या गिरणी कामगारांच्या बेकारीला आपली चळवळ काही अंशी कारण आहे हे ठाऊक असताना गांधीजी डार्वेनला त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले होते. आपली भूमिका त्यांनी बदलली नाही, ती समजावून सांगितली. त्या भागातल्या लोकांना मालकांकडून याहून जास्त काही नको होते.

हा प्रश्न आता वडोदऱ्याच्याही दारात येऊन ठेपला आहे. राज्याच्या फुटबॉल संघटनेने २०२४ मध्ये सुरू केलेल्या गुजरात सुपर लीगमध्ये ‘वडोदरा वॉरियर्स’ नावाचा संघ उतरला. शहराचे नाव आणि गुंतवणूकदाराचा पैसा अशी ही जोडी यापुढे वाढतच जाणार. अशा संघाची जर्सी मुलाला घेऊन देण्याआधी आयोजकांना एवढे जरूर विचारा: निर्णय घेणारा माणूस कोण, तो कुठे बसतो, आणि वर्षातून किती वेळा तो या शहरात येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देणार आहे.